पापुद्र्याखालचा ससा

भिंगारमध्ये पाणी ९८ अंशांच्या जरा अलीकडेच उकळतं. नगरचं पठार समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा कमी, त्यामुळे पाण्याला वाफ होऊन सुटायला तेवढंच कमी तापमान पुरतं. रोजच्या वरणभातात हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण समजा, नाताळच्या दुपारी घरची मंडळी जमली आहेत आणि मधोमध एक मोठा पाय आला आहे : वर सोनेरी, पापुद्रे सुटलेलं मैद्याचं झाकण आणि खाली दाट रश्शात मुरलेलं सशाचं मांस. त्या एका भांड्यात दोन वेगळे ऋतू नांदून आलेले असतात. झाकणाचा वरचा थर भट्टीत दीडशे अंशांच्या पुढे गेला म्हणून तांबूस झाला. त्याच्या खाली, अर्ध्या सेंटिमीटरवर, रस्सा मात्र तितकाच वेळ त्याच भट्टीत राहून ९८च्या आसपासच अडून बसला.

यात जादू नाही, पण मला ते दर वेळी जादूसारखंच वाटतं. पाण्याला उकळीपर्यंत नेणं सोपं, उकळीपलीकडे नेणं फार महाग. थंडगार पाणी पार उकळीपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून अधिक उष्णता तेच पाणी नुसतं वाफेत बदलायला लागते. भट्टी कितीही आग ओतो, रश्शात पाणी आहे तोवर ती आग वाफ करण्यातच खर्ची पडते. झाकणातलं पाणी मात्र थोडं, ते लवकर उडून जातं, आणि मग त्याला अडवणारं कोणी उरत नाही. सुमारे १४० अंशांपुढे पिठातली प्रथिनं आणि शर्करा एकमेकींशी वेगाने भिडू लागतात, त्यातून तो तांबूस रंग आणि भाजल्याचा वास येतो. लुई कामीय माइयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. भाकरीवरचे डाग, कांद्याचा तळलेला रंग, पावाची पाठ, सगळं तिचंच काम. पाण्यात उकडलेलं मांस करडं राहतं, कारण पाणी त्याला १४०च्या गावाला जाऊच देत नाही.

(‘पाय’ म्हटल्यावर भिंगारच्या माणसाला आधी पायासूप आठवणार, हे मला ठाऊक आहे. त्या सूपचंही इथे काम आहे. येईल ते पुढे.)

हा पदार्थ भिंगारला अगदीच परका म्हणावा तर तसंही नाही. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला आणि पुढे भिंगारच्या अंगाला लष्कराची छावणी वसली. जिथे गोरी पलटण, तिथे पाव. जिथे पाव, तिथे भट्टी. याच शतकात, १८३१ मध्ये, अमेरिकन मराठी मिशनने नगरला मुक्काम टाकला. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली इथूनच निघू लागला, आणि नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाईंचं नावही या गावाशी कायमचं जोडलं गेलं. त्यामुळे नगर-भिंगारच्या अनेक घरांत नाताळ हा आजी-पणजीपासून चालत आलेला सण आहे. आणि त्या सणाचं ताट पाहिलंत तर केकच्या शेजारी करंजी, चकली, शंकरपाळी बसलेली असते. फराळच तो, फक्त दिवाळीऐवजी डिसेंबरात. माझ्या मते पायची निम्मी विद्या त्या करंजीत आधीच आहे. पण आधी ससा.

हॅना ग्लास या इंग्रज बाईंचं १७४७ सालचं पाकपुस्तक एका वाक्यासाठी फार प्रसिद्ध आहे : सशाची कृती म्हणे ‘आधी ससा पकडा’ इथून सुरू होते. गंमत अशी की ते वाक्य त्या पुस्तकात नाहीच. बाईंनी सरळ सोललेल्या सशापासून सुरुवात केली आहे. भिंगारच्या वाचकाने तर ते वाक्य मुळीच मनावर घेऊ नये. चांदबिबीच्या महालाकडे जाताना माळावर गवतातून जो ससा उसळी मारून पळतो, त्याला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्याची शिकार गुन्हा, त्याचं मांस बाळगणंही गुन्हा. पातेल्यात जाऊ शकतो तो फक्त पाळलेला ससा, आणि तो मुळात वेगळाच प्राणी आहे.

किती वेगळा? माळावरचा ससा बीळ खणत नाही. गवतात अंगापुरता खळगा करून बसतो. त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात, कारण उघड्यावर जन्मलेल्याला आंधळं राहून चालत नाही. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगाल आणि दक्षिण फ्रान्सकडचा, बिळात राहणारा. त्याची पिल्लं उघडीनागडी, डोळे मिटलेली. पांढराशुभ्र लाल डोळ्यांचा असो की राखाडी, पिंजऱ्यातले सगळे ससे त्या एकाच जातीचे वंशज. ते माणसाळले कसे याची एक लाडकी गोष्ट आहे : इसवी सन ६००च्या सुमारास पोपने सशाची पिल्लं उपासाला चालतात असं ठरवलं, म्हणून मठांतल्या साधूंनी ससे पाळले. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ती गोष्ट मुळापासून तपासली आणि तिला काहीच आधार नसल्याचं दाखवलं. मला ती गोष्ट गेल्याचं थोडं वाईटच वाटलं.

या दोन सशांमधला फरक मांसाच्या रंगात दिसतो. माळावरच्या सशाचं मांस गडद, जवळजवळ काळसर तांबडं. पाळीव सशाचं फिकट गुलाबी, शिजल्यावर कोंबडीच्या छातीइतकं पांढरं. कारण त्यांच्या पळण्यात आहे. बिळातल्या सशाला जीव वाचवायला बिळाच्या तोंडापर्यंत एकच झेप घ्यायची असते. काही सेकंदांचा जोर, मग सुरक्षित अंधार. तेवढ्यासाठी स्नायूला प्राणवायूचा साठा लागत नाही. माळावरच्याला बीळच नाही, त्याला पळत राहावं लागतं, वळणं घेत, दमाने. दमाच्या पळण्याला प्राणवायू हवा, आणि तो स्नायूत धरून ठेवणारं मायोग्लोबिन हे प्रथिन तांबडं असतं. कोंबडीची तंगडी गडद आणि छाती पांढरी का, याचं उत्तरही हेच : ती दिवसभर चालते, उडते क्वचित. म्हणजे ताटलीत जे दिसतं तो त्या जनावराच्या भीतीचा नकाशा असतो.

आणि हे पळपुटेपण आणखी एक गोष्ट ठरवतं, जी स्वयंपाकाला फार महत्त्वाची आहे. सशाच्या अंगावर चरबी नाही. पाळीव सशाच्या मांसात शंभर ग्रॅममागे पाच-सहा ग्रॅम स्निग्धांश, रानटी सशात तर दोन-अडीच. चरकसंहितेत ‘शश’ हा जांगल म्हणजे कोरड्या मुलखातल्या प्राण्यांत मोजला आहे, आणि त्याच्या मांसाला लघु आणि रूक्ष म्हटलं आहे. पचायला हलकं, स्निग्धता नसलेलं. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी जिभेने आणि पोटाने केलेलं हे मोजमाप आजच्या तक्त्याशी जुळतं, याचं मला अप्रूप वाटतं.

रूक्षपणा टोकाला गेला तर काय होतं, हे उत्तर ध्रुवाकडच्या प्रवाशांनी पाहिलं. विल्यालमुर स्टेफान्सन याने लिहून ठेवलं आहे की चरबी संपल्यावर नुसत्या सशांवर राहणारी माणसं पोट भरून खाऊनही आजारी पडतात. जुलाब लागतात, डोकं दुखतं, भूक काही भागत नाही. आजच्या आकड्यांत बघा : शंभर ग्रॅम रानटी सशाच्या मांसात सुमारे ११४ कॅलरी, त्यातल्या तीन चतुर्थांशाहून अधिक नुसत्या प्रथिनांच्या. आपलं यकृत प्रथिनांमधला नायट्रोजन एका मर्यादेपलीकडे निस्तरू शकत नाही. ऊर्जेचा मोठा वाटा तेल-तुपातून किंवा धान्यातूनच यावा लागतो. ससा नुसता खायचा पदार्थच नाही. त्याला सोबत लागते. पायचं तूप-मैद्याचं झाकण ही सजावट नाही, तीच ती सोबत.

सशाबद्दल एक शेवटची गोष्ट, कारण नाताळच्या टेबलावर ती कुणीतरी काढणारच. जुन्या करारात, लेवीय पुस्तकाच्या ११व्या अध्यायात, ससा निषिद्ध प्राण्यांत आहे : रवंथ करतो, पण त्याचा खूर दुभंगलेला नाही. ख्रिस्ती घरांना तो नियम लागू नाही, पण मुलं विचारतात की ससा रवंथ कुठे करतो? खरं तर करत नाही. त्याला गाईसारखी चार कप्प्यांची जठरव्यवस्था नाही. त्याचं गवत आंबतं ते लहान आतड्याच्या पुढे असलेल्या एका मोठ्या पिशवीत, म्हणजे अन्नरस शोषून घेण्याची जागा मागे पडल्यावर. मग त्याने अजब तोड काढली आहे. तो दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो : एक कोरड्या, टाकून दिलेल्या, आणि दुसऱ्या मऊ, जीवनसत्त्वांनी आणि जिवाणूंच्या प्रथिनांनी भरलेल्या. त्या मऊ लेंड्या तो बाहेर पडताक्षणीच तोंडाने उचलून पुन्हा गिळतो. एकच घास दोनदा पोटातून जातो. हजारो वर्षांपूर्वीच्या मेंढपाळाने शांत बसलेल्या सशाचं हलतं तोंड पाहून रवंथ म्हटलं असेल, तर त्याचं फारसं चुकलं असं मी म्हणणार नाही. जेवताना मात्र ही माहिती जरा उशिरा द्यावी.

आता स्वयंपाकघर. मांस आधी शिजवून घ्यायचं, कच्चं आत घालायचं नाही. उष्णता घट्ट सारणातून आत शिरते ती फार सावकाश, आणि थराची जाडी दुप्पट झाली की मधोमध पोचायला लागणारा वेळ चौपट होतो. करंजी कढईत दोन-तीन मिनिटांत होते, कारण ती बोटभर जाड. चार बोटं खोल भांड्यात कच्चं मांस शिजेपर्यंत झाकणाचा कोळसा होईल. करंजीचं सारणही आपण आधी भाजूनच घेतो ना, तोच हा नियम.

ससा कोवळा असेल, म्हणजे तीन-चार महिन्यांचा, तर फार वेळ लागत नाही. जून असेल तर मंद आचेवर दीड-दोन तास. स्नायूंना बांधून ठेवणारं कोलॅजन पाण्यात हळूहळू विरघळून जिलेटिन बनतं, आणि वयाबरोबर त्या कोलॅजनच्या गाठी पक्क्या होत जातात. घाई असेल तर कुकर. तो पाण्याला १२० अंशांच्या आसपास नेतो, भिंगारच्या उंचीने हिरावलेले दोन अंश व्याजासकट परत मिळवून देतो. पण सशाच्या बिनचरबीच्या मांसाला कुकर फार लवकर धागे-धागे करून टाकतो, म्हणून मी पातेल्याच्या बाजूचा.

हाडं काढून ठेवा आणि त्याच पाण्यात पुन्हा उकळा. इथे पायासूप येतं. रात्री फ्रीजमध्ये ठेवलेलं पायासूप सकाळी थरथरत घट्ट झालेलं असतं, ते त्याच जिलेटिनमुळे. शरीराच्या तापमानाच्या जरा खालीच ते पुन्हा पातळ होतं, म्हणून थंड रस्सा तोंडात गेल्यावर विरघळतो. इंग्लंडच्या मेल्टन मोब्रे गावचा डुकराच्या मांसाचा पाय असाच असतो : भाजून झाल्यावर झाकणाच्या भोकातून हाडांचं पाणी ओततात, ते गोठून मांस आणि कवच यांच्यातली पोकळी भरून काढतं. जुन्या काळी फटी बुजल्या की हवा आत जाणार नाही आणि पाय टिकेल असा हिशेब होता. कवच तेव्हा जाड, कडक, बहुधा न खाण्याचं. ते भांडंही होतं आणि डबाही.

मसाला? इथे मी इंग्लंडचं ऐकणार नाही. तिकडे सशाला मोहरी, कांदा, फार तर वाळलेल्या वनस्पतींची पानं. नगरच्या घरात काळा मसाला आहे, आणि कांदा-सुकं खोबरं भाजून केलेलं वाटण आहे. सुक्या खोबऱ्यात वजनाच्या साठ टक्क्यांहून अधिक स्निग्धांश असतो. चरकाने ज्याला रूक्ष म्हटलं त्या मांसाला याहून चांगला जोडीदार मिळायचा नाही. वाटण भाजताना माइयार आपलं काम करून जातो, म्हणजे रश्शाला जे १४० अंश कधीच मिळणार नाहीत त्यांची चव आधीच तयार करून आत घातली जाते. रस्सा मात्र दाट हवा. पळीवरून घरंगळला तर झाकणाच्या तळाला भिजवून चिकट करेल. आणि सारण पूर्ण थंड होऊ द्या, शक्य तर रात्रभर. कारण पुढच्या सगळ्या गोष्टी तुपाच्या घट्टपणावर अवलंबून आहेत.

मैदा पाण्यात मळला की त्यातल्या दोन प्रथिनांपासून ग्लूटेनची जाळी तयार होते. पोळीला ती हवीच. करंजीला आणि पायला ती नको असते, निदान फार नको असते. तिला आवरायचं कसं? पीठ भिजायच्या आत त्याच्या कणांना तूप चोपडायचं. आपल्याकडे कडकडीत मोहन घालतात, तुपाने माखलेलं पीठ मुठीत दाबून मुटका वळतो का पाहतात. गरम तूप पातळ, ते प्रत्येक कणापर्यंत पोचतं, पाण्याला वाट मिळत नाही, आणि कवच सगळीकडे सारखं खुसखुशीत होतं. फ्रेंच आणि इंग्रज स्वयंपाकी नेमकं उलटं करतात. ते बर्फासारखं थंड लोणी पिठात बोटांनी तोडतात, मोठमोठे तुकडे मुद्दाम राहू देतात. त्या तुकड्यांचे लाटताना पत्रे होतात आणि भाजल्यावर पापुद्रे सुटतात. एकाला सारखेपणा हवा म्हणून गरम, दुसऱ्याला असमानता हवी म्हणून थंड.

आपल्याकडे असमानतेचीही सोय आहे. तिला साटा म्हणतात. परातीत तूप तळहाताने फेसून फेसून पांढरं, हलकं करायचं, त्यात तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लॉवर मिसळायचं. तीन पातळ पोळ्या लाटायच्या, प्रत्येकीवर साटा फासायचा, एकावर एक ठेवून घट्ट वळकटी करायची, लाट्या कापायच्या, हलक्या हाताने पाऱ्या लाटायच्या. तळताना करंजीला पदर सुटतात, आणि सुटले नाहीत तर वर्षभर नाव निघतं. यात घडतं काय? साट्यातलं तूप दोन पोळ्यांना एकमेकींना चिकटू देत नाही. कणकेतल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक जागा लागते. ती जागा शोधत थर उचलते. पिठी कशाला? तूप वितळल्यावर वाहून जाऊ नये, थरांमध्येच धरून राहावं, म्हणून. कुठल्याही प्रयोगशाळेत न जाता कुणीतरी आजीने हे ठरवलं.

फ्रेंच पफ पेस्ट्रीचा हिशेब याहून भयानक आहे. लोण्याचा थर कणकेत गुंडाळून तिघडी घालायची, लाटायची, पुन्हा तिघडी, असं सहा वेळा. तीनाला तीनने सहा वेळा गुणत गेलं की ७२९. लोण्यात साधारण १६ टक्के पाणीही असतं, त्यामुळे प्रत्येक थरात स्वतःचीच वाफ तयार होते आणि ती पेस्ट्री तट्ट फुगते. तुपात पाणी जवळजवळ नसतंच. म्हणून साट्याचं झाकण तेवढं उंच जात नाही, पण जास्त ठिसूळ होतं, आणि रश्शाच्या वाफेपुढे जास्त वेळ टिकतं असं माझं मत आहे. पायला मी साट्याचंच झाकण घालीन. लोणी महाग आणि हट्टी आहे.

आणि मेल्टन मोब्रेचं ते स्वतःच्या पायावर उभं राहणारं कवच? त्याला साचा लागत नाही, हाताने उचलून भिंती उभ्या करतात. त्यासाठी डुकराची चरबी उकळत्या पाण्यात वितळवून ते गरम मिश्रण मैद्यावर ओततात. पाण्याने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो, चरबीने ग्लूटेन आवरलं जातं, कोमट असताना हवा तसा आकार देता येतो आणि थंड झाल्यावर तो घट्ट बसतो. हे वाचून मला मोदक आठवले नसते तर नवल. तांदळात ग्लूटेनच नाही, तरी उकडीची पारी मुखऱ्या पाडण्याइतकी आज्ञाधारक होते, ती उकळत्या पाण्याने फुगलेल्या स्टार्चच्याच जोरावर. म्हणजे इंग्रजांनी मोहन आणि उकड एकाच परातीत केली, एवढंच.

तुपाच्या घट्टपणाबद्दल म्हणालो होतो. साटा मे महिन्यात केला तर तो पातळ होऊन कणकेत मुरतो आणि पदर गेले. तूप हे एका विशिष्ट अंशावर वितळत नाही. त्यात वेगवेगळे मेद आहेत, काही विशीत पातळ होतात, काही चाळिशीपर्यंत तग धरतात. वीस अंशांच्या आसपास ते रवाळ, लाटणं सोसण्याइतकं मऊ आणि जागेवर राहण्याइतकं घट्ट असतं. नगरचा डिसेंबर नेमका तिथे आहे. राज्यातल्या नीचांकी तापमानांच्या बातम्यांत हे गाव नेहमी असतं, पहाटे पारा दहाच्या खाली येतो, आणि दगडी घराचं स्वयंपाकघर दुपारीही गार राहतं. युरोपातल्या स्वयंपाक्याने संगमरवरी ओट्यावर जे विकत घेतलं ते भिंगारला नाताळात फुकट मिळतं. फक्त पहाटे उठायची तयारी हवी.

भांड्यात गार सारण, वर थंड झाकण, कडा मुरड घालून बंद. करंजीला मुरड घालता येणाऱ्या हाताला इथे काही शिकवावं लागत नाही, आणि कातण्याने कापलेल्या उरलेल्या पट्ट्यांची पानं-फुलं करून वर चिकटवायला मुलांना द्यावीत. मधोमध एक भोक ठेवायचं, बोट जाईल एवढं. ते विसरलं तर वाफ कडेची मुरड उसवून बाहेर येते आणि रस्सा भट्टीत सांडतो. वरून फेटलेलं अंडं, म्हणजे माइयारसाठी आयती प्रथिनं.

घरच्या ओव्हनमध्ये २२० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं आणि मग १८०वर अर्धा-पाऊण तास. हा क्रम उलटा चालत नाही. सुरुवातीला जोराची आच हवी, म्हणजे तूप वाहून जायच्या आत कणकेचे थर ताठ होतात. नंतर मऊ आच, म्हणजे आतलं सारण गरम होईस्तोवर वरचं करपत नाही. जुन्या विटांच्या भट्टीत हा क्रम आपोआप मिळतो. सणाच्या आधी नानकटाईचं साहित्य घेऊन बेकरीत रांग लावणाऱ्यांना हे माहीत असतं : लाकडं जाळून भट्टी तापवतात, निखारे सारतात, भिंतींनी पिऊन ठेवलेल्या उष्णतेवर आधी पाव निघतात, आणि पाव निघाल्यावर उतरत्या आचेत नानकटाई. आत हवा गरम असते ती वेगळीच, खरं भाजणं होतं ते विटांच्या घुमटाकडून वरून सरळ येणाऱ्या उष्णतेने. म्हणून भट्टीतल्या पदार्थाची पाठ आधी तांबूस होते. पाव आणि नानकटाई यांच्या मधली वेळ पायची. बेकरीवाल्या भाऊंना तेवढंच सांगायचं, ‘पाव काढले की लगेच हा आत सारा.’ ससा आहे हे सांगायची गरज नाही, नाहीतर रांगेतली प्रत्येक मावशी झाकण उचलून बघेल.

ससा मिळालाच नाही तर? मांसासाठी न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला अशा जाती आपल्याकडे पाळल्या जातात, राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने त्यांवर बराच अभ्यास केला आहे, आणि मादी महिन्याभरातच विते. नगरच्या गोठ्याबाहेर जो हिरवा घास उगवतो तो सशालाही आवडतो. तरी भिंगारच्या बाजारात ससा कोंबडीसारखा टांगलेला दिसत नाही, आणि घरी पाळलेल्या सशाला पोरांनी एकदा नाव ठेवलं की तो विषय संपतो. मग गावरान कोंबडी घ्यावी. तीही पळणारी, बिनचरबीची, हाडांचं पाणी चांगलं देणारी. मटण नको. बोकडाची स्वतःचीच चरबी असते, मग तुपाच्या झाकणाचं काम हलकं होतं आणि ताटात ते जड होतं.

भट्टीतून काढल्यावर अर्धा तास कापू नये. भुकेल्या घरात हे सांगणं सोपं नाही, विशेषतः उपासना आटोपून आलेल्या मंडळींना. पण आत रस्सा अजून उकळता असतो, स्टार्च आणि जिलेटिन दोन्ही पातळ असतात, आणि पहिल्याच सुरीला सगळं वाहून तळाला जातं. साठ-सत्तर अंशांपर्यंत उतरलं की रस्सा धरून बसतो, तुकडा उभा निघतो.

उरलाच तर दुसऱ्या दिवशी तो मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. मायक्रोवेव्ह आतल्या पाण्यालाच आधी पेटवतो, ती वाफ वर चढून झाकणात शिरते, आणि झाकण स्वतः कधी शंभरच्या पुढे जात नसल्यामुळे ती तिथेच राहते. निघतो तो चिवट पाव. जाड तव्यावर तुकडा ठेवून, मंद आचेवर, वर झाकण न घालता गरम करा : तळ कोरडा होतो, पापुद्रे पुन्हा कुरकुरतात. किंवा सरळ थंडच खा, चहाबरोबर, पहाटे. मेल्टन मोब्रेवाले तसाच खातात, आणि भिंगारच्या थंडीत रस्सा तोवर छान गोठलेला असतो.